नाल नसलेला टॅप: सॉफ्ट शूबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीची. दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी विश्रामबागला छोटा हॉल भाड्याने घेऊन सात-आठ जणांना सॉफ्ट शू शिकवते. शिकवते म्हणजे काय, मला येतं तेवढं. लहानपणी सहा वर्षं कथक, मग बरीच वर्षं काहीच नाही, मग पुण्यात नोकरीला असताना चार वर्षं एका बाईंकडे टॅप, आणि आता हे. प्रश्न तेच तेच येतात, व्हॉट्सॲपवर, यार्डात, परवा तर लग्नात जेवणाच्या लाइनमध्ये ताट हातात धरून एकांनी विचारलं, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय.

सॉफ्ट शू म्हणजे नक्की काय ओ?

टॅप डान्सच, फक्त बुटाखाली धातूची पट्टी नसते. टॅपच्या बुटाला चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा दोन पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात, त्यांनाच टॅप म्हणतात. मी बॅचमध्ये सरळ नाल म्हणते, कारण पूर्वी बुटाला नाल ठोकून घ्यायचे हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. तर ते नाल काढायचे, खाली नुसतं मऊ चामडं ठेवायचं, लय जरा सावकाश घ्यायची आणि पाय आपटण्यापेक्षा घासण्यावर जोर द्यायचा, झाला सॉफ्ट शू.

नालच नाही तर वाजणार काय?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि सगळी गंमतही यातच आहे म्हणून जरा लांबण लावते.

चामड्याच्या तळाला तीन आवाज असतात. चवडा ठेवला की 'टप'. टाच खाली आली की 'डब', जरा खालचा, पोकळ. आणि पाय जमिनीला घासून पुढे किंवा मागे गेला की 'फस्स', याला ब्रश म्हणतात. पहिले दोन आवाज नालवाल्या बुटातही आहेत आणि तिथे ते जास्त खणखणीत आहेत, त्यात वाद नाही. पण तिसरा बघा. नालाचा ब्रश म्हणजे 'टिक' करून संपला. चामड्याचा ब्रश तुम्ही पाव मात्रा ठेवा, अर्धी ठेवा, पूर्ण मात्राभर लांबवत न्या, तो तेवढा वेळ वाजतो. तबल्याचा ठोका वाजून संपतो आणि सारंगीचा सूर लांबवत नेता येतो, तसा हा फरक. लोक सॉफ्ट शूला "आवाज कमी केलेला टॅप" किंवा "शिकाऊ लोकांचा टॅप" म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो, कारण आवाज कमी नाही झालेला, लांब झालाय, आणि आवाज लांब झाला की तो कुठे सुरू करायचा आणि कुठे सोडायचा अशी दोन कामं पायाच्या मागे लागतात.

माझ्याकडे एक ताई येतात, त्यांचा ब्रश सुरुवातीला असा यायचा की फरशीवर खुर्ची ओढल्यासारखा, कर्रर. शेवटी मी त्यांच्या पायाखाली पेपरचं एक पान टाकलं आणि म्हटलं यावरून ब्रश करा. पान पायाबरोबर फरफटत दोन फूट गेलं. म्हणजे काय, तर वजन त्याच पायावर होतं जो हलवायचा होता. मग सगळं वजन डाव्या पायावर घेऊन, उजवा गुडघा सैल सोडून, पाय नुसता झोक्यासारखा जाऊ दिला, तेव्हा पान जागेवरच राहिलं आणि वरून फक्त सळसळ आली. चार दिवस त्या पेपरवरच करत होत्या. पाचव्या दिवशी पेपर काढला तर ब्रश आला होता, त्यांना स्वतःलाच पटेना.

मग सरळ नालवाला टॅप का नाही करत? बघायला भारी असतो.

असतोच. माझ्याकडे तेही बूट आहेत. पण मी राहते दुसऱ्या मजल्यावर आणि खालच्या काकांचं बीपी आहे. पुण्याहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर येऊन शांतपणे विचारलं की "मिक्सर दुरुस्त करायलाय का?" तेव्हापासून घरात नाल बंद.

गंमत म्हणजे हाच प्रसंग १९३५ च्या 'टॉप हॅट' सिनेमात आहे. फ्रेड अस्टेअर हॉटेलच्या खोलीत टॅप करत असतो, खालच्या खोलीत झोपलेली जिंजर रॉजर्स चिडून वर येते, आणि मग तो जमिनीवर वाळू पसरून त्यावर इतका हळू नाचतो की खाली तिला झोप लागते. मला तो सीन बघून आधी हसू आलं आणि मग मी तो चाळीस वेळा पाय बघण्यासाठी लावला. सुरुवात अशी मजबुरीने झाली, पण आता काका चारधामला गेले असले तरी मी नाल घालत नाही.

हा प्रकार आला कुठून?

अमेरिकेतून, आणि गोष्ट फार सुखाची नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांची पायाची लय एका बाजूला, आणि आयर्लंडचे जिग व इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांमधला लाकडी तळाच्या बुटांचा क्लॉग डान्स दुसऱ्या बाजूला, हे एकत्र येऊन टॅप तयार झाला. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनोचं बंड झालं, त्यात ढोल वाजले होते, म्हणून १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल वाजवायलाच बंदी घातली. हातातलं वाद्य काढून घेतलं तरी टाळी, मांडी आणि पाय कोण काढून घेणार.

पुढे १८४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स भागात विल्यम हेन्री लेन नावाचा काळा तरुण 'मास्टर जुबा' म्हणून गाजला. त्याच काळात मिन्स्ट्रेल शो सुरू झाले, म्हणजे गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची नक्कल करायचे आणि लोक तिकीट काढून हसायचे. सॉफ्ट शूचं स्टेजवरचं रूप याच शोमध्ये घडलं, 'एसेन्स' नावाच्या घसरत्या नाचातून, आणि जॉर्ज प्रिमरोज हा त्यातला नावाजलेला नाचणारा. इतका हळुवार, नजाकतीचा नाच आणि जन्म असल्या नकलेत, हे बॅचमध्ये सांगताना मला दरवेळी अडखळायला होतं, पण सांगते.

आणखी एक. धातूचे टॅप सर्रास झाले ते १९२० च्या आसपास. त्याआधी बहुतेक सगळं लाकडावर नाहीतर चामड्यावर चालायचं. जिन्यावरच्या नाचासाठी प्रसिद्ध असलेले बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन तर नंतरही लाकडी तळाचे बूट वापरत राहिले. त्यांचा जन्म २५ मे १८७८ चा, आणि अमेरिकेत २५ मे हाच टॅप डान्सचा दिवस म्हणून पाळतात. म्हणजे "नाल नाही तो टॅपच नाही" असं जे सांगतात त्यांना ही तारीख सांगायची.

मी युट्यूबवर सॉफ्ट शू टाकलं तर पोरी नुसत्या उड्या मारत होत्या, आवाज काहीच नाही?

तो आयरिश डान्स. त्यांच्यातही सॉफ्ट शू आणि हार्ड शू असे दोन प्रकार आहेत, मुलींचे सॉफ्ट शू म्हणजे काळे मऊ लेसवाले, गिली म्हणतात त्यांना, आणि त्यात पाय वाजवायचाच नसतो. नाव एक, काम वेगळं. शोधताना पुढे टॅप शब्द जोडा.

हे कथकच की! तत्कारच करायलाय तुम्ही.

सांगलीत हे ऐकलं नाही असा महिना जात नाही. नातं दूरचं आहे, रक्ताचं नाही, पण गप्पा छान जमतात. जमतात म्हणजे खरोखर जमल्यात, पंडित चित्रेश दास आणि अमेरिकन टॅप डान्सर जेसन सॅम्युअल्स स्मिथ या दोघांनी मिळून 'इंडिया जॅझ सूट्स' नावाचा कार्यक्रम बरीच वर्षं केला, एकाच्या पायात घुंगरू आणि दुसऱ्याच्या पायात टॅप. सवाल-जवाब बघा त्यातले.

पण शिकताना कथकवाल्यांना आधी त्रासच होतो, मला झाला. तत्कारमध्ये, म्हणजे कथकच्या पायाच्या कामात, बहुतेक वेळा पूर्ण तळवा सपाट पडतो, वजन सरळ खाली जातं आणि घोटा घट्ट लागतो, घुंगरू बाकीचं काम करतात. टॅपमध्ये चवडा वेगळा, टाच वेगळी, आणि घोटा असा सैल पाहिजे की कुणी पाय धरून हलवला तर लटकन हलला पाहिजे. माझे पहिले सहा महिने पाय सोडण्यातच गेले. पुण्याच्या बाई म्हणायच्या, "तुझा पाय अजून नमस्कार करतोय." फायदा मात्र मोठा आहे, कथकवाल्यांना मात्रा सांगावी लागत नाही.

बूट कुठले घ्यायचे?

पहिले दोन महिने काहीच घेऊ नका. खरंच. घरात जुने चामडी तळाचे ऑफिसचे बूट असतील, वडिलांचे लग्नातले असतील, मापाचे असतील तर तेच घाला.

नंतर घ्यायचेच तर जॅझ शू म्हणून मिळतात, लेसवाले, ऑनलाइन. त्यात अख्खा तळ आणि मधून तोडलेला तळ असे दोन प्रकार असतात. तोडलेल्यात पाय छान वाकतो आणि फोटोत बरा दिसतो पण आवाजाला मला अख्खा तळच आवडतो, टाच आणि चवडा एका पट्टीत असले की 'डब' भरदार येतो. तळ चामड्याचा किंवा स्वेडचा बघा. रबराचा नको, आणि हे मी हट्टाने सांगते, कारण रबर जमिनीला चिकटतं, वर शरीर फिरतं, खाली पाय फिरत नाही आणि मधे सापडतो तो गुडघा.

स्वस्तातला उपाय म्हणजे साधे कॅनव्हासचे बूट आणायचे आणि बूट शिवणाऱ्या काकांकडून खाली चामडं चढवून घ्यायचं. आमच्या काकांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय, चांगलं नवं रबर घासून चामडं लावायला कोण सांगतं. मग त्यांनी रबराची नक्षी कानशीने सपाट केली, दोन्हीकडे सोल्युशन लावून दहा मिनिटं तसंच वाळू दिलं, मग चामडं ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत गेले आणि शेवटी चवड्याच्या भोवती टाके मारले. मी म्हटलं टाके कशाला, चिकटलंय की. म्हणाले, "तुम्ही घासणार म्हणताय ना, मग पुढनंच सुटणार ते." दोन वर्षं झाली, सुटलं नाही. टाके मात्र खोबणीत बसवून घ्या, नाहीतर दोरा घासून तुटतो.

कोल्हापुरी घालून चालेल का?

हा प्रश्न आपल्याच भागात येणार! आणि मी हसण्यावारी नेत नाही, कारण चामड्याचा तळ म्हटलं तर कोल्हापुरीइतका अस्सल तळ कुठला. नाव कोल्हापूरचं असलं तरी २०१९ मध्ये जे जीआय मानांकन मिळालं त्यात सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत, त्यामुळे घरचाच माल.

मी करून बघितलंय, मामाच्या वाड्यातल्या ओसरीवर, लाकडी पाटावर उभी राहून. टाच ठेवली की असा 'ठॉक' आला की मामी आतून बघायला आली. पण मागे पट्टा नाही ना. पाय उचलला की चप्पल अर्धा क्षण खालीच राहते आणि मग टाचेवर येऊन 'चट्' आपटते, म्हणजे तुम्ही मोजलेल्या दोन आवाजांचे तीन होतात आणि तिसरा तुमच्या हातात नाही. वर ती करकर. करकर सुंदर आहे पण ती चालण्यासाठी आहे, तिला तालात बसवणं माझ्याच्याने झालं नाही. शिवाय अंगठ्यावर इतका ताण आला की दुसऱ्या दिवशी साधी सपाता घालता येईना. मागून पट्टा असलेली, पाय घट्ट धरणारी सँडल कुणी कोल्हापुरी चामड्यात बनवून दिली तर मी पहिली गिऱ्हाईक.

अनवाणी केलं तर? सॉक्स घालून?

अनवाणी चवड्याची साल निघते, ब्रशला. सॉक्स घालून व्हिट्रिफाइड टाइल्सवर तर अजिबात नाही, पडाल. पडलेय मी.

घरच्या फरशीवर चालतं का?

शहाबादी असो, कोटा असो की टाइल्स, खाली सगळं काँक्रीट. काँक्रीट दाबत नाही, त्यामुळे प्रत्येक ठोका परत तुमच्याच नडगीत येतो, आठवड्याभरात नडगीच्या पुढच्या हाडाला दुखायला लागतं. आणि आवाजही मेलेला येतो. लाकूड पाहिजे आणि लाकडाखाली हवा पाहिजे. मिरजेला सतारीचं काम जवळून बघितलं असेल तर भोपळा पोकळ का लागतो ते वेगळं सांगायला नको.

बोर्ड घरी होतो. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते, ती दुकानातूनच मधे कापून घ्या, चार बाय चारचे दोन तुकडे पडतात, एक तुमचा आणि एक मैत्रिणीचा. जाडी १८ मिमी घ्या, १२ ची मधे लवते. खाली फूट-फूट अंतरावर लाकडी पट्ट्या मारा, आणि पट्ट्यांच्या खाली जुनी योगा मॅट कापून चिकटवा म्हणजे आवाज खालच्या मजल्यावर जात नाही आणि बोर्ड सरकत नाही. स्क्रूची डोकी लाकडात पूर्ण बुडलेली हवीत, हात फिरवून बघा. वर वॉर्निश करू नका!! सुताराला सवयच असते, तो न विचारता चकाचक करून देतो आणि मग ब्रश वाजतच नाही, पाय नुसता सुटतो. माझा पहिला बोर्ड असाच चकचकीत आला, दोन दिवस पॉलिश पेपरने घासत बसले होते.

पहिल्या महिन्यात काय येईल?

चार-पाच गोष्टी. स्टेप, म्हणजे वजन देऊन चवडा ठेवणं. ब्रश पुढे आणि ब्रश मागे, दोन्ही सलग केले की शफल, दोन आवाज. ब्रश करून लगेच त्याच पायावर उतरलं की फ्लॅप, तेही दोन आवाज. बॉल-चेंज म्हणजे एका चवड्यावरून दुसऱ्यावर पटकन वजन बदलणं. शफल आणि बॉल-चेंज जोडलं की चार आवाज, आणि हे चार आवाज म्हणजे आपल्याकडची भाजी-भाकरी, रोज पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात क्रॅम्प रोल, उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच. नालाने केला की तो ड्रमच्या रोलसारखा तडतडतो, चामड्याने केला की पोतं हळूच खाली ठेवल्यासारखा येतो. हे यार्डात हमालांना पोतं ठेवताना बघितल्यावर मला सुचलं, आपटून ठेवलं तर एकच 'धप्प' येतो पण चांगला हमाल आधी एक कोपरा टेकवतो, मग दुसरा, मग मागचे.

टाइम स्टेप मी तिसऱ्या महिन्याआधी दाखवत नाही. दोन बारचा (बार म्हणजे चार मात्रा) एक तुकडा तीनदा आणि शेवटी दोन बारचा ब्रेक, म्हणजे वेगळा शेवट, असे आठ बार, ते ऐकून सगळ्यांना तिहाईची, म्हणजे तोच बोल तीनदा घेऊन समेवर येण्याची, आठवण येते आणि सगळे घाई करतात.

ताल कुठला धरायचा? माझं नेहमी पुढे जातं.

मोजायला चार, पण प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन. कथकवाल्यांनो, तिस्र जाती. त्या तिनातल्या पहिल्यावर आणि तिसऱ्यावर आवाज, मधला रिकामा, त्यामुळे एक लांब एक आखूड, एक लांब एक आखूड असं किंचित लंगडत चालल्यासारखं होतं. यालाच स्विंग म्हणतात. पुढे जाण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं की मधली रिकामी जागा माणसाला सहन होत नाही. नालवाल्या बुटात तिथे तुम्ही थांबता. सॉफ्ट शूमध्ये तिथे ब्रशची शेपटी चालू ठेवायची, म्हणजे थांबायचंच नाही, पाय घासत राहतो आणि मात्रा आपोआप भरते. मेट्रोनोम, म्हणजे एकसारख्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि महिनाभर वाढवू नका. ६० ला कंटाळा येतो, हो, येऊ दे.

गाण्यांचं विचारतात, तर मात्रेच्या पोटात तीन असलेली सावकाश चाल ज्याला आहे असं कुठलंही चालतं, जुनी मराठी-हिंदी गाणीसुद्धा कित्येक बसतात. आधी गाण्यावर बोटं आपटून बघा.

वाळूवर नाचतात ते खरं का?

खरं. सँड डान्स, वर 'टॉप हॅट'चं सांगितलं तेच. यातले मोठे नाव हॉवर्ड 'सँडमॅन' सिम्स. ते आधी बॉक्सर होते, रिंगणात उतरण्याआधी बूट घसरू नयेत म्हणून राळेच्या पेटीत उभं राहायचं असतं, तिथे त्यांचे पाय असे काही चालायचे की लोक तेच बघायला लागले. पुढे न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये त्यांनी नाव काढलं.

मला स्वतःला हे कळलं ते सिनेमाच्या आधी, दुकानात. फेब्रुवारी-मार्चला हळदीची आवक सुरू झाली की पोती उतरताना माती आणि सालपटं खाली पडतात, दुपारपर्यंत फरशीवर पिवळट थर बसतो आणि त्यावरून कुणीही चपला घासत गेलं की 'खस्स, खस्स'. एकदा बिलं लिहिता लिहिता मी टेबलाखाली त्या थरावर शफल करत होते, मालकांनी विचारलं उंदीर आहे का.

घरी करायचं तर बारीक नदीची वाळू मूठ-दोन मूठ पुरते, धुवायची, उन्हात वाळवायची, रव्याच्या चाळणीने चाळायची. बांधकामावरची क्रश सँड घेऊ नका, ती दगड फोडून केलेली असते, कण धारदार आणि धूळ फार. मी एकदा हुशारी करून रांगोळी वापरली, आवाज काय रेशमी आला, पण पाच मिनिटांत नाकात-तोंडात पावडर आणि दोन दिवस खोकला. पुन्हा नाही. बोर्डाला कडेने इंचभर उंच पट्टी मारून घ्या नाहीतर वाळू अख्ख्या घरात होते आणि मग घरात दुसराच नाच सुरू होतो.

वय जास्त आहे, गुडघे दुखतात, वजन आहे. जमेल?

माझ्या बॅचमधले सगळ्यात मोठे एकसष्ट वर्षांचे आहेत. उड्या जवळजवळ नाहीत आणि पाय जमिनीपासून इंच-दीड इंचाच्या वर उचलायचाच नसतो, त्यामुळे नालवाल्या टॅपपेक्षा हे सोपं जातं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. शुगर असणाऱ्यांनी घरी गेल्यावर तळपाय आरशात बघायचे, फोड आला तरी कळत नाही कधीकधी. आणि सगळ्यांनीच सुरुवातीला घोटे फिरवणं, पोटऱ्या ताणणं दहा मिनिटं. हे टाळून उशिरा येणारे मला माहीत आहेत, नावं लिहीत नाही.

लहान मुलांना घेता का?

आठ वर्षांच्या पुढे. त्याआधी त्यांना नुसतं धावू द्या.

स्टेजवर ऐकू येतं का हे?

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केलं, त्यामुळे सांगलीत स्टेजबद्दल प्रत्येकाला मत असतं, आणि बरोबरच असतं. नुसतं उभं राहून केलं तर तिसऱ्या रांगेपुढे काही जात नाही. जमिनीवर ठेवायचा चपटा बाउंड्री माइक मिळतो, तो बोर्डाच्या पुढच्या कडेला ठेवायचा. नसेल तर कॉलरचा माइक बोर्डाच्या खाली टेपने चिकटवायचा, हे माझं जुगाड आहे आणि चांगलं चालतं, फक्त साउंडवाल्याला आधी सांगा की बेस कमी कर, नाहीतर टाच पडली की स्पीकर खोकतो.

आमची फजितीही सांगते. एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात पाच जणी तयारी करून गेलो, स्टेजवर चढलो तर सगळीकडे लाल जाजम, खिळे मारून. बोर्ड न्यायला जागा नाही म्हणून नेला नव्हता, ही चूक आमचीच. माइक आला तो हातात धरायचा, तोंडापुढे. चार मिनिटं आम्ही जीव तोडून केलं आणि समोर गाणं सोडून काहीही ऐकू गेलं नाही. खाली उतरल्यावर एक आजी म्हणाल्या, "छान केलंत गं, पण सारखं काय पुसत होता?"

तेव्हापासून आम्ही बोर्डाशिवाय हो म्हणत नाही.

परीक्षा, सर्टिफिकेट वगैरे?

माझ्याकडे नाही. इंग्लंडच्या आयएसटीडी या संस्थेच्या टॅपच्या परीक्षा असतात, ज्यांना हव्यात त्यांनी मोठ्या शहरात त्यांचे शिक्षक शोधावेत.

पावसाळ्यात बूट आणि बोर्डचं काय करता?

बोर्ड आडवा ठेवायचा नाही, भिंतीला उभा, खाली दोन विटा. प्लायच्या कडांना वॉटरप्रूफ फेविकॉलचा एक हात मारा, पाणी कडेतूनच शिरतं. बुटांत पेपरचे बोळे भरायचे आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नाही, आणि तळाला तेल-पॉलिश काहीही लावायचं नाही, घसरतं.

हे सगळं शिकले ते २०१९ च्या ऑगस्टनंतर. तेव्हा आमचा हॉल गावभागात होता, तळमजल्यावर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही सगळे आपापल्या घरच्या गडबडीत, कपाटातले बूट कुणाला आठवणार. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर बोर्डाचे थर वेगवेगळे झालेले, पुस्तकाची पानं फुगतात तसे, आणि अकरा जोड बूट गाळाने भरून जड. धुऊन वाळवले तर चामडं पापडासारखं झालं. एकच जोड वाचला, एका काकांचा, तो त्यांनी विसरून घरी नेला होता. त्यानंतर नियमच केला, बूट ज्याने त्याने घरी न्यायचे, हॉलमध्ये काही ठेवायचं नाही.

नुसतं बघायला आलं तर चालेल का?

चालेल, सोम-बुध-शुक्र, साडेसहानंतर. चपला बाहेर काढा, आणि मोबाइल सायलेंट करा, कारण व्हायब्रेट झाला तरी आम्हाला ऐकू येतो. भिंतीला टेकून खाली बसा, खुर्चीवर नको. खाली बसलं की फरशीतून येणारा 'डब' पाठीला लागतो, खुर्चीवर तो पोचत नाही.